काटा, फक्की आणि दम

कुमार गटाच्या कबड्डीची जिल्हा निवड चाचणी असली, की पहिली चढाई होण्याच्या बऱ्याच आधी मैदानाच्या कडेला एक रांग लागते. अंगात चड्डी-बनियन, पाय अनवाणी, ओठ कोरडे. रांगेच्या टोकाला टेबल असते. त्यावर शाळेचे दाखले, जन्माचे दाखले आणि आधार कार्डाच्या झेरॉक्सचा गठ्ठा, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून गठ्ठ्यावर ठेवलेला दगड. शेजारी सपाट फरशी बघून वजनकाटा मांडलेला असतो. पोरगा काट्यावर चढतो, पोट आत ओढतो, श्वास धरून ठेवतो. आकडा थरथरतो आणि थांबतो. सत्तरच्या आत थांबला तर मागच्या रांगेतून शिट्टी येते. वर गेला तर पोरगा मुकाट खाली उतरतो आणि बनियनसुद्धा काढून पुन्हा रांगेत उभा राहतो.

"रातपासून पाणी बी नाई पेलो, सर."

"मंग जाय, दोन चकरा मारून ये."

आणि तो खरेच धावत सुटतो. यातल्या कित्येकांनी आदल्या रात्री भाकरीला हात लावलेला नसतो. पहाटे दोन-दोन स्वेटर चढवून, वरून रेनकोट घालून त्यांनी घाम काढलेला असतो. अकोल्याच्या जुन्या शहरातली पोरे असली तर अंधारातच मोर्णा नदीचा पूल ओलांडून पळत-पळतच मैदानावर येतात. वाटेत हॉटेलांतून पोह्यांचा वास येत असतो, पण खायचे ते वजन झाल्यावर.

प्रेक्षक जमतात ते चढाया आणि पकडी बघायला. त्या रांगेकडे कोणी फारसे बघत नाही. मात्र गल्लीतल्या हुतूतूची अजिंक्यपद स्पर्धा कशी झाली हे समजून घ्यायचे असेल, तर बघायला हवी ती हीच रांग. ज्या दिवशी या खेळाला मोजलेली रेष मिळाली आणि खेळाडूच्या वयाला-वजनाला काटा लागला, त्या दिवशी तो गावातल्या दांडगटांचा खेळ राहिला नाही. बारीक चणीच्या, सोळा-सतरा वर्षांच्या, कोणाचा वशिला नसलेल्या पोरालाही त्यात जागा झाली. या बदलात वऱ्हाडाचा वाटा मोठा आहे.

वऱ्हाडातल्या अकोल्याचे जुने शहर मोर्णेच्या पश्चिम तीरावर आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या असदगडाचे बुरूज, दहीहंडा वेस, अगरवेस आणि राजराजेश्वराचे देऊळ, एवढ्या खुणांत हे गाव कित्येक पिढ्या मावले होते. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिले. पुढे कापसाच्या मागे रेल्वे आली आणि कचेऱ्या, बंगले, पेठा नदीच्या पूर्वेला ताजनापेठेच्या बाजूने वाढल्या. शहर पुलापलीकडे गेले, पण तालमींची आणि मंडळांची वस्ती अलीकडे टिकून राहिली. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी इथली मंडळे सतरा-अठरा किलोमीटरवरच्या गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला घालतात. भरण्यांनी लगडलेली कावड खांद्यावर घेऊन रात्रभर चालणारे खांदे अर्थातच तरुणांचे असतात. दमाचे आणि खांद्याचे शिक्षण या गल्ल्यांत शाळेच्या आधीच मिळते.

हुतूतू हा अशाच गल्ल्यांचा आणि गावाबाहेरच्या पडीक जागांचा खेळ. त्याला साहित्य लागत नाही. चेंडू नको, बॅट नको, बूट नकोत. पायाच्या अंगठ्याने मातीत ओढलेली एक रेघ आणि दोन्ही बाजूंना सारखी डोकी एवढ्यावर भागते. बंगालात तो हाडुडु झाला, तमिळनाडूत चेडुगुडु, महाराष्ट्रात हुतूतू. मात्र नावाबरोबर नियमही बदलत. एका प्रकारात बाद झालेला गडी आपल्या बाजूने गुण मिळवला की जिवंत होऊन आत यायचा. त्याला संजीवनी म्हणत. गामिनीत बाद झालेला बाहेरच राहायचा, एक अख्खी बाजू बाद झाली की गुण. अमर प्रकारात कोणी बाहेर जायचेच नाही, बाद मोजायचे आणि खेळत राहायचे. दोन गावांची मुले समोरासमोर आली की निम्मा वेळ खेळापेक्षा नियमांच्या भांडणात जाई. किती गडी खेळणार? मैदान कुठवर? दम तुटला हे कोणी ठरवायचे? संध्याकाळ होईपर्यंत खेळायचे, की एक बाजू थकेपर्यंत?

आणि कोण कोणाबरोबर खेळणार? कुस्तीत याला एक उत्तर होते. जत्रेच्या फडात वस्ताद दोन पोरांना समोरासमोर उभे करायचे, खांदे आणि मांड्या नजरेने जोखायचे आणि जोड लावायचे. जोड चुकली तर प्रेक्षकच ओरडत. हुतूतू सांघिक खेळ असल्याने त्यात अशी जोड लावणे शक्य नव्हते. एका बाजूला दोन धिप्पाड गडी असले की निकाल आधीच लागलेला असे. लहानग्यांना कोणी आत घेतलेच तर ते लिंबूटिंबू म्हणून.

पहिली गोष्ट बदलली ती कागदावर. कबड्डीच्या इतिहासात १९१८ हे वर्ष नियम बांधल्याचे म्हणून सांगितले जाते. १९२३ साली ते नियम छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्याला त्या नियमांनुसार अखिल भारतीय सामने झाले. ते बडोद्याला झाले याला कारण होते. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात प्रोफेसर माणिकरावांची जुम्मादादा व्यायामशाळा होती, हिंदविजय जिमखाना होता, आणि देशी व्यायामाला शास्त्राची शिस्त लावावी असे मानणारी माणसे होती. छापील नियमपुस्तिकेची किंमत आज लक्षात येत नाही. परगावचा पंच हातात तेच पुस्तक घेऊन उभा राहतो, म्हणून परगावचा संघ निर्धास्त खेळायला येतो. स्पर्धा नावाची गोष्ट तिथून सुरू होते.

पुस्तिका छापली तरी ती गावोगाव पोचवणार कोण? या प्रश्नाचे उत्तर अकोल्याच्या शेजारी, अमरावतीत तयार होत होते.

१९१४ साली अंबादासपंत आणि अनंत कृष्ण वैद्य या दोघा भावांनी अमरावतीत हनुमान आखाडा काढला. टिळकयुगाचा तो काळ. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरून गेले होते. दादासाहेब खापर्ड्यांसारखे टिळकांचे निकटवर्ती याच गावचे. शरीर कमावणे हे त्या पिढीला देशकार्यच वाटत होते. हुतात्मा राजगुरूंनीही काही काळ या आखाड्यात व्यायामाचे धडे घेतले होते. आखाड्याचे पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि नावातला 'प्रसारक' हा शब्द मंडळाने शब्दशः खरा केला. उन्हाळ्याच्या सुटीत तिथे शारीरिक शिक्षणाचे वर्ग भरत. शाळामास्तर येत, मल्लखांब, लेझीम, खो-खो, हुतूतू शिकत आणि जूनमध्ये आपापल्या शाळेत परतत. वैद्य बंधूंचे हे काम मोलाचे ठरले. एखादा चांगला खेळाडू आपल्यापुरता खेळतो. शिकून परतलेला मास्तर मात्र दरवर्षी चाळीस-पन्नास पोरांपर्यंत तोच खेळ, त्याच मापाने, त्याच नियमांनी नेतो.

मंडळाची सर्वांत गाजलेली मोहीम १९३६ सालची. बर्लिनला ऑलिंपिक भरले होते. त्या निमित्ताने अमरावतीचा चमू जर्मनीला गेला आणि जगभरातून आलेल्या लोकांपुढे त्याने हुतूतू, खो-खो, मल्लखांब असे देशी खेळ करून दाखवले. त्याच ऑगस्टच्या १५ तारखेला ध्यानचंदांच्या भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले. हॉकीचे सुवर्णपदक सगळ्या देशाला पाठ आहे. वऱ्हाडातून बोटीने गेलेल्या त्या पोरांनी परक्या देशाच्या मैदानावर रेघ आखून दम घेतला, ही आठवण मात्र मुख्यतः अमरावतीने जपली. पुढे १९४९ साली स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवातही मंडळाचा चमू गेला.

बर्लिननंतर दोन वर्षांनी, १९३८ साली, कलकत्त्याच्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत या खेळाला स्थान मिळाले. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला, १९५२ साली मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९५५ साली कलकत्त्यात महिलांची. पुढच्या काळात शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी खेळाच्या संघटनेसाठी जन्म वेचला. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

१९५२ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि ते मिळाले ५७ किलोच्या बँटमवेट गटात. गावच्या फडात हिंदकेसरीच्या अंगापुढे खाशाबांची मूर्ती लहानच दिसली असती. वजनगट होता म्हणून त्यांची चपळाई आणि डावपेच जगापुढे आले. दोन्ही संघांनी एकाच मापाची माणसे उतरवली तर खेळ बदलतो, हे कबड्डीलाही हळूहळू पटत गेले.

कबड्डीचे आजचे गट पाहिले की ही समजूत किती पक्की झाली ते कळते. पुरुषांसाठी ८५ किलोची मर्यादा आहे. कुमार गटात वय २० वर्षांपर्यंत आणि वजन ७० किलोपर्यंत, कुमारी गटात तेच वय आणि ६५ किलो. त्याखाली किशोर आणि किशोरी, वय १६ आणि वजन ५५. मैदानही वयाप्रमाणे लहान होते. पुरुष आणि कुमारांना १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. महिला आणि कुमारींना १२ बाय ८. किशोर-किशोरींना ११ बाय ८.

जगातल्या दुसऱ्या एका दमदार खेळाशी याची तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. बर्फावरच्या हॉकीची जागतिक कुमार स्पर्धा १९७७पासून अधिकृतपणे भरते. तिथेही वयाची मर्यादा विसाचीच. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात कॅनडातली घरेच्या घरे टीव्हीसमोर बसून आपल्या पोरांचे सामने बघतात. वर्षाचे तेच दिवस वऱ्हाडातही सामन्यांचेच असतात. पण बर्फावर वजन विचारले जात नाही. नव्वद किलोचा आणि पासष्ट किलोचा मुलगा एकाच वेळी एकमेकांवर आदळतात. अंगावर चिलखतासारखे पॅड असतात, डोक्याला शिरस्त्राण असते. कबड्डीत उघड्या अंगाला उघडे अंग भिडते. संरक्षणासाठी तिथे एकच साधन आहे, ते म्हणजे काटा.

काट्याइतकेच मोलाचे साधन म्हणजे रेषा आखायची पांढरी फक्की. चाचणीच्या दिवशी क्रीडाशिक्षक सकाळी सहाला मैदानावर असतात. आधी झाडू, मग पाण्याचा हलका सडा. मग सुतळी, खुंट्या आणि टेप. एक कोपरा पक्का करून १३ मीटरची बाजू ओढतात, त्याला काटकोनात १० मीटरची. काटकोन नजरेने साधत नाही, म्हणून कर्ण मोजतात. दोन्ही कर्ण १६ मीटर ४० सेंटिमीटर भरले की चौकोन सरळ. एक कर्ण चार बोटे जास्त निघाला तरी खुंटी उपटून पुन्हा सुरुवात. मग मधोमध मध्यरेषा. तिच्यापासून दोन्हीकडे ३ मीटर ७५ सेंटिमीटरवर निदानरेषा, तिच्यापलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. दोन्ही कडांचे मीटर-मीटरचे पट्टे म्हणजे राखीव क्षेत्र, झटापट सुरू झाली की तेही मैदानात धरले जाते. सुतळीवरून डब्याने फक्की सोडत माणूस मागे-मागे चालत जातो. सगळे मैदान आखून झाल्यावर पोरे पहिल्यांदा आत येतात, तेव्हा नकळत रेषेवरून उडी मारून येतात.

त्या निदानरेषेवर बारीक चणीच्या चढाईपटूचे सगळे नशीब असते. गुण न घेता परतायचे असेल तरी ती ओलांडावीच लागते. समोर सहा गडी असतील आणि बोनस रेषेपलीकडे एक पाय टेकवून दुसरा हवेत ठेवता आला, तर कोणाला हात न लावताही गुण मिळतो. ताकदीला इथे फार वाव नाही. पाऊल किती लांब पडते, तोल किती टिकतो आणि कोपरारक्षकाची नजर कधी हलते, एवढेच बघायचे. आणि तो कोपरारक्षक घोट्याला हात घालायचा क्षण शोधत असतो. पट काढणे, साखळी करून घेरणे, गुडघी मारणे ही सगळी कौशल्ये एकाच वजनाची माणसे समोर असतील तरच खुलतात.

स्पर्धा कोणाच्या झेंड्याखाली खेळायची, याची वऱ्हाडची गोष्ट वेगळी आहे. वऱ्हाड १९०३पासून मध्य प्रांताला जोडलेले होते. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राजकीय नकाशा बदलला तरी खेळांचा नकाशा पूर्ण बदलला नाही. कबड्डीत आणि खो-खोत राष्ट्रीय स्पर्धांना विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून वेगळा उतरतो, क्रिकेटमध्येही तसेच. याचा अर्थ अकोल्याच्या पोरासाठी राष्ट्रीय स्पर्धेचा रस्ता मुंबई-पुण्यावरून जात नाही. त्याला अमरावती, नागपूर, चंद्रपूर, भंडारा इथल्या पोरांशी झुंजावे लागते. ही जवळची वाट किती उपयोगी पडते याचे उदाहरण क्रिकेटने दिले. २०१७-१८च्या मोसमात १९ वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडकावर विदर्भाने नाव कोरले आणि अंतिम सामन्यात त्रिशतक झळकावले ते अकोल्याच्या अथर्व तायडेने.

दुसरी वाट शाळेची. १९६२ साली शालेय खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने कबड्डी आपल्या स्पर्धांत घेतली. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य, मग राष्ट्र, अशी शिडी त्यातून उभी राहिली. अमरावती विभागात अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम असे पाच जिल्हे येतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या विभागीय स्पर्धेला पाचही जिल्ह्यांतले विजेते एका मैदानावर जमतात. घाटाखालचे आणि घाटावरचे, कपाशीच्या पट्ट्यातले आणि सातपुड्याच्या पायथ्याचे. कित्येकांसाठी आपला जिल्हा ओलांडण्याचा तो पहिला प्रवास असतो. एसटीच्या मागच्या सीटवर सगळा संघ, मांडीवर बॅग, बॅगेत घरून बांधून दिलेल्या पोळ्या आणि मिरचीचा ठेचा.

वयाची अट मात्र सुरुवातीपासून अवघड जागेचे दुखणे राहिली आहे. जुन्या पिढीतल्या असंख्य माणसांचा वाढदिवस १ जूनला किंवा १ जुलैला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजे वय धरून तीच तारीख लिहिली. जन्माची नोंद घरात कोणी ठेवलेली नसे. 'मोठ्या पुराच्या साली झाला' किंवा 'सरकीचा भाव पडला त्या वर्षी' अशी आठवण तेवढी असे. दाखल्यावरची तारीख स्पर्धेची पात्रता ठरवू लागली, तेव्हा या ढिलाईचा गैरफायदाही घेतला गेला. मोठ्या पोराला लहान गटात घुसवल्याच्या तक्रारी आजही होतात. असा एक पोरगा आत घुसला की खऱ्या वयाचा एक पोरगा बाहेर बसतो, आणि त्या बाहेर बसलेल्याला दुसरी संधी बहुधा मिळत नाही. म्हणून टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्याला काट्याएवढेच महत्त्व आहे.

संघटनेच्या या शिडीबरोबर वऱ्हाडात गावकीची एक स्पर्धा-परंपराही नांदते. दिवाळीनंतर कापूस वेचणीला येतो, हातात थोडा पैसा खेळू लागतो, थंडी पडते आणि गावोगाव सामन्यांचे फलक लागतात. त्यावर मंडळाचे नाव, बक्षिसाच्या रकमा आणि मोठ्या अक्षरांत वजनगट. 'खुला गट' असला तर जिल्ह्याबाहेरचे नावाजलेले संघही येतात. वजनगट ५५ किलोचा असेल तर आसपासच्या गावांतली शाळकरी पोरे झुंडीने येतात. मैदान शेतात आखून चालत नाही. वऱ्हाडची काळी पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पडलेला पोरगा गुडघे फोडून घेतो. म्हणून गावाजवळची पांढरी किंवा मुरमाची जागा निवडतात, ढेकळे फोडून माती चाळतात, पाणी मारून दाबतात. भोवती बांबू, दोन कोपऱ्यांत हॅलोजनचे दिवे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पंच आणि माईक. मध्यरात्र उलटली तरी बायाबापड्यांसह गाव शालीत गुरफटून बसलेले असते. संघटनेच्या नियमपुस्तिकेतला वजनगट गावकऱ्यांनी असा स्वतःहून उचलून घेतला, कारण त्याने खेळ रंगतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

गेल्या काही वर्षांत मातीची जागा मॅट घेत आहे. राष्ट्रीय स्पर्धा मॅटवरच होतात, तिथे बूट घालून खेळावे लागते. मातीत अनवाणी तयार झालेल्या पायाला बुटात पहिले काही दिवस पकड सापडत नाही. शहरातल्या मोजक्या ठिकाणी मॅट आहे आणि खेड्यातल्या पोराला ती बहुधा चाचणीच्या दिवशीच पहिल्यांदा दिसते. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि या पोरांना पहिल्यांदाच टीव्हीवर आपल्यासारखी माणसे या खेळावर घर चालवताना दिसली. २०२३ साली इराणमधल्या उर्मिया इथे झालेल्या कुमारांच्या जागतिक स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात यजमान इराणला हरवून विजेतेपद मिळवले. आज जुन्या शहरातल्या गल्लीतही पोरे 'सुपर टॅकल' आणि 'डू ऑर डाय' हे शब्द हुतूतूइतक्याच सहज वापरतात.

खेळाबरोबर पोटाचाही प्रश्न येतो. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. कोरडवाहू चार एकर शेती असलेल्या घरात स्पर्धेचे प्रमाणपत्र लोखंडी पेटीत सातबाराच्या उताऱ्याशेजारी ठेवले जाते. पोलीस भरतीच्या मैदानावर कबड्डीचे पोर हमखास भेटतात. पोरींच्या बाबतीत हे आणखी खरे आहे. संध्याकाळी सरावाला जाऊ द्यायला कांकू करणारे घर, पोरगी विभागाला निवडली गेल्याचे वर्तमानपत्रात छापून आले की तिच्या बुटांसाठी पैसे बाजूला काढते.

म्हणूनच काट्यापुढच्या त्या रांगेची काळजी वाटते. काटा आणला तो लहान पोराला मोठ्याच्या अंगाखाली चिरडू न देण्यासाठी. आता त्याच काट्यात बसायला पोरे अन्नपाणी तोडतात. एका रात्रीत उतरते ते वजन चरबीचे नसते, ते शरीरातले पाणी असते. सकाळी वजन देऊन दुपारच्या उन्हात पोरगा चढाईला जातो तेव्हा पायात गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. चांगले प्रशिक्षक महिनाभर आधीपासून वजन बघतात, भात-भाकरीचे प्रमाण ठरवून देतात आणि ज्याचा बांधाच मोठा आहे त्याला सरळ वरच्या गटाची तयारी करायला लावतात. ज्या शाळेत क्रीडाशिक्षकाची जागाच रिकामी आहे, तिथल्या पोराला हे सांगणारे कोणी नसते. त्याला माहीत असतो तो फक्त सत्तरचा आकडा. वैद्य बंधूंच्या उन्हाळी वर्गातून परतणाऱ्या मास्तरांनी शंभर वर्षांपूर्वी जी जागा भरून काढली होती, ती आज अनेक शाळांत पुन्हा मोकळी पडली आहे.

सकाळचे नऊ वाजत येतात. वजने संपतात, यादी टेबलामागच्या भिंतीवर चिकटवली जाते आणि पोरे तिच्यावर तुटून पडतात. दोन चकरा मारून आलेला तो पोरगा पुन्हा काट्यावर चढलेला असतो आणि या वेळी आकडा सत्तरच्या आत, थोडक्यात, थांबतो. कोणीतरी त्याच्या हातात दोन केळी आणि मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली देते. बाटली तो एका दमात अर्धी रिकामी करतो. तिकडे रांगेतल्या पावलांनी पुसट झालेली मध्यरेषा क्रीडाशिक्षक पुन्हा एकदा फक्कीने उजळत असतात.